पहाऱ्यावरच्या सात ओळी

चाचांनी एकतीस वर्षं बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत एकाही शुक्रवारी दुपारची सुट्टी मागितली नाही. डेपोत याचं मोठं कौतुक होतं. वस्तीतले दुसरे ड्रायव्हर जुम्याच्या नमाजेसाठी ड्यूटी बदलून घ्यायला धडपडत, आणि चाचा त्यांच्या जागी खुशाल गाडीवर चढत. तुम्ही जा, माझं बघून घेतो मी, असं वर म्हणत. लोकांना वाटे, काय मनाचा मोठेपणा! मोठेपणा कसला, चाचांना नमाज येत नव्हती.

म्हणजे अगदीच येत नव्हती असं नाही. कधी वाकायचं, कधी कपाळ टेकायचं हे त्यांना चोख ठाऊक होतं. शेजारचा वाकला की हेही वाकत, आणि आयुष्यभर ब्रेकवर पाय ठेवून काढल्यामुळे शेजाऱ्याच्या मागे अर्ध्या क्षणाहून जास्त कधी राहत नसत. अडचण तोंडातल्या शब्दांची होती. प्रत्येक नमाजेची सुरुवात ज्या सात ओळींच्या प्रार्थनेने होते, जी शाळेत नाव घालायच्या आधीच पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, ती चाचांना पहिल्या ओळीपुरती पाठ होती. शेवटचं आमीनही पक्कं होतं. मधला सगळा रस्ता धुक्यात. घुमटाखाली इमामसाहेबांचा आवाज घुमायचा, त्यात जुना भोंगा खरखरायचा, आणि शब्दाला शब्द चिकटून एकच लांबलचक गुणगुण कानावर यायची. चाचा ओठ हलवत उभे राहायचे. ओठ हलवण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या वस्तीत कोणी नव्हतं.

यात त्यांचा दोष किती हे अल्लाच जाणे. बाप डेपोत मेकॅनिक होता. संध्याकाळी मशिदीत मुलांचा वर्ग भरे, नेमकी तीच वेळ बापाला डबा पोचवायची. घरात पोरं दोन आणि कामंही दोन. थोरला वर्गात गेला, धाकटा डबा घेऊन डेपोत. थोरला इतका मन लावून शिकला की पुढे त्याच वर्गाचा मास्तर झाला आणि चाळीस वर्षं त्याने अर्ध्या वस्तीला त्या सात ओळी शिकवल्या. धाकटा स्टिअरिंगवर बसला. आता मास्तरांच्या सख्ख्या भावालाच सात ओळी येत नाहीत, हे सांगायचं तरी कुणाला? मशीद कमिटीचे अध्यक्ष मास्तरांचे विद्यार्थी, सेक्रेटरी मास्तरांचा विद्यार्थी, खुद्द इमामसाहेबांनी लहानपणी मास्तरांच्या हातची छडी खाल्लेली. बायकोपुढे तोंड उघडावं, तर तीही लग्न होऊन आल्यावर मोठ्या जावेजवळ बसून उजळणी केलेली. घरचा आणि बाहेरचा असा एकही माणूस चाचांना उरला नव्हता.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या पाचावर धारण बसली. शुक्रवार दर आठवड्याला येतो, हे त्यांच्या नव्यानेच ध्यानात आलं. बायको सकाळीच इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवायची आणि चाचा त्या सदऱ्याकडे पाठ करून चहा प्यायचे. पहिल्या महिन्यात त्यांचे गुडघे दुखले, दुसऱ्या महिन्यात पोट बिघडलं, तिसऱ्या महिन्यात दुखण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही आणि ते गेले. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. मोबाइलवरून शिकावं म्हणून एकदा प्रयत्नही करून पाहिला. फोन आला आहे असं दाखवून मोबाइल कानाला लावला आणि माळ्याच्या जिन्यावर बसले. पण त्यातला गृहस्थ एकेक शब्द इतका खेचायचा की तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याचा पत्ता लागेना. तेवढ्यात बायकोने खालून विचारलं, की फोनवर एवढं गोड कोण वाचून दाखवतंय? चाचा म्हणाले, राँग नंबर. त्या दिवसापासून त्यांनी मोबाइलच्या नावाने कानाला खडा लावला.

अशा वेळी दूरच्या कुठल्याशा देशात, दूरच्या कुठल्याशा शहरात एका मशिदीवर हल्ला झाल्याची बातमी आली. टीव्हीवर दोन दिवस तेच. वस्तीत सगळे हळहळले आणि तिसऱ्या दिवशी कमिटीची बैठक बसली. अध्यक्षांचं कड्या-कुलपांचं दुकान होतं, त्यामुळे वस्तीच्या सुरक्षेची त्यांना चार लोकांपेक्षा थोडी जास्तच काळजी असे. त्यांनी तिथल्या तिथे दोन लोखंडी दारं, चार कॅमेरे आणि एका शिट्टीचा ठराव मांडला. पोलीस चौकीतून एक साहेब सल्ला द्यायला आले. संशयित माणूस कसा ओळखायचा याची त्यांनी खुणेनिशी माहिती दिली. तो दाराजवळ रेंगाळतो. शेवटच्या रांगेत, बाहेर पडायला सोयीची जागा धरतो. दुसरे काय करतात ते बघून मग तसंच करतो. कोणाच्या नजरेला नजर देत नाही. चाचा मागे भिंतीला टेकून ऐकत होते. साहेबांनी आता फक्त नाव घ्यायचं बाकी ठेवलं आहे, असं वाटून त्यांनी नजर जमिनीकडे वळवली, आणि ही तर चौथीच खूण, हे आठवून घाईघाईने परत वर केली.

पुढच्या शुक्रवारी इमामसाहेबांनी याच विषयावर प्रवचन केलं. जुन्या काळी सरहद्दीवर पहाऱ्याची ठाणी असत, त्यांना रिबात म्हणत. तिथली माणसं पहारेकरीही होती आणि नमाजीही. शत्रू समोर उभा असताना नमाजेची वेळ झाली, तर निम्मे इमामामागे उभे राहत आणि निम्मे पहारा देत, मग अदलाबदल होई. सरहद्दीवरचा एका दिवसाचा पहारा महिनाभराच्या रोजे-नमाजांहून मोठा मानला आहे. जो डोळा त्या वाटेवर जागा राहिला, त्याला आग शिवणार नाही. यानंतर इमामसाहेब असंही म्हणाले की थोरांनी खरी सरहद्द माणसाच्या मनात सांगितली आहे आणि तिथला पहारा सगळ्यांत कठीण. पण हे वाक्य कमिटीच्या इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्तात दारं आणि शिट्टी आली.

चाचा खांबाआड बसल्या बसल्या हिशेब करत होते. एका दिवसाला महिनाभराच्या नमाजा. असा दर त्यांनी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

कमिटीने तीन स्वयंसेवक नेमायचं ठरवलं. व्यायामशाळेचा मालक, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो तयार झाला. रेशन कचेरीतला कारकून तयार झाला. कमिटीचा सेक्रेटरीही तोच. घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. आत जुमा सुरू असताना बाहेर कोणीतरी उभं राहायला हवं, आणि जो बाहेर राहील त्याचा जुमा चुकणार. पैलवान म्हणाला, जुमा चुकवायची आपली हिंमत नाही. कारकुनाने पाळ्या लावू असं सुचवलं आणि पहिली पाळी आपली नको असंही सुचवलं. तेव्हा मागच्या भिंतीजवळून हात वर झाला.

"तुम्ही सगळे आत जा," चाचा म्हणाले. "दर शुक्रवारी मी उभा राहतो. माझं बघून घेईन मी."

अध्यक्षांनी उठून मिठी मारली. आपला जुमा दुसऱ्यांसाठी सोडणारा माणूस आपल्यातच होता आणि आपण त्याला खांबाआड बसवत होतो, असं ते गहिवरून म्हणाले. इमामसाहेब मात्र चाचांकडे जरा वेळ बघत राहिले.

अशा रीतीने चाचा दारावर आले. त्यांना चमकत्या पट्ट्यांचं एक जाकीट मिळालं. जाकिटं सगळी एकाच मापाची आली होती, पैलवानाच्या. त्यामुळे चाचांचं जाकीट गुडघ्यापर्यंत यायचं आणि शिट्टी कमरेच्या खाली लोंबायची. पण रुबाब काही कमी नव्हता. चपलांच्या बहात्तर जोड्या ठेवायच्या घडवंचीशेजारी खुर्ची टाकून ते बसायचे, नमाजेआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांपासून रस्त्याच्या वळणापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायचे. आत सगळे वाकले की बाहेर एकट्या चाचांची मान ताठ. जुमा चुकलेल्याने नंतर दुपारची नमाज स्वतःची स्वतः पढायची असते. मशिदीत कोणी विचारलं तर चाचा सांगत, घरी जाऊन पढतो. आणि घरी सांगत, तिथेच उरकून आलो. बायकोच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं ती या माणसाला आळशी समजत होती याचं तिला वाईट वाटलं, आणि तसं तिने बोलूनही दाखवलं. चाचांनी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

हे असंच चाललं असतं, तर चाचा दारावरच म्हातारे होऊन सन्मानाने गेले असते. पण मध्ये मोठेभाई आले.

मोठेभाई म्हणजे थोरले मास्तर. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात पांगळा झाला, चालणं पलंगापासून खिडकीपर्यंत उरलं. बोलणं सावकाश पण नीट होतं. वर्ग बंद पडला. ते मागच्याच गल्लीत राहत आणि चाचा रोज सकाळी जाऊन त्यांची दाढी करून देत. एका सकाळी गालावर साबण असतानाच मोठेभाईंनी भावाचं मनगट धरलं.

"छोट्या, दारावर असतोस म्हणे तू. सगळे सांगतात."

"असतो, मोठेभाई."

"मग एक कर. रोज येतोस, तर त्या सात ओळी माझ्या कानाशी म्हणत जा. तुझ्या तोंडून. मी जाईन त्या दिवशीसुद्धा तूच म्हण. दुसऱ्या कोणाला बोलावू नकोस."

चाचांच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला. चाळीस वर्षं ज्या माणसाने पोरांच्या जिभा सरळ केल्या, एक अक्षर घसरलं की ज्याच्या भुवया वर चढत, त्याच्या कानाशी सात ओळी म्हणायच्या. आणि येते ती एक. चाचा म्हणाले, हो, हो, का नाही? आज घसा बसलाय, उद्यापासून. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायची वेळ झाली होती. तिसऱ्या दिवशी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. मोठेभाई रोज दाढी झाली की डोळे मिटून थोडा वेळ वाट बघत, मग डोळे उघडत. ते रागावले असते तर चाचांना सोसलं असतं. हे वाट बघणं त्यांच्या काळजाला घरं पाडत होतं. लहानपणी ज्याच्या वाटचा डबा आपण उचलला, त्याने साठ वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि डॉक्टर म्हणत होते की दुसरा झटका कधीही येऊ शकतो.

देव कोणाच्या हातून काम करून घेईल सांगता येत नाही. या वेळी त्याने अध्यक्षांना निवडलं. एका शुक्रवारी तीन अनोळखी माणसं नमाज पढून, अध्यक्षांना न भेटताच निघून गेली, त्यामुळे अध्यक्ष बेचैन होते. त्यांनी बैठकीत नवा नियम मांडला. अनोळखी माणूस दारावर आला की त्याला सात ओळी म्हणायला लावायच्या. आल्या तर आपला, अडला तर परका. कारकुनाने शंका काढली की वाईट हेतूचा माणूस त्या पाठ करून येईल. अध्यक्ष म्हणाले, सात ओळी नीट पाठ करेपर्यंत त्याचा हेतू बदलेल. इमामसाहेबांना हे मुळीच पसंत नव्हतं. अल्लाच्या दारात पाहुण्याची परीक्षा घ्यायची हे कुठल्या रिबातीत चालायचं, असं त्यांनी विचारलं. पण हात वर झाले, ठराव झाला. आणि परीक्षक कोण? दारावर जो बसतो तो. शिवाय मास्तरांचा सख्खा भाऊ. चूक झाली तर त्याच्या कानातून सुटायची नाही.

पहिल्या शुक्रवारी चाचा घामाघूम झाले होते. कॉलेजात नवीन आलेला एक उंच विद्यार्थी दारात उभा राहिला आणि त्यांनी नियम सांगितल्यावर बिचारा त्यांच्याहून जास्त घाबरला. त्याने घडाघडा सात ओळी म्हटल्या. चाचांच्या पदरात काही पडलं नाही. पण एक गोष्ट डोक्यात लख्खकन उजेड पडावा तशी आली. हा माणूस आपल्यासमोर, आपल्याला सांगण्यासाठी, स्पष्ट आवाजात म्हणतो आहे. आणि हवं तर आपण त्याला थांबवू शकतो.

"दुसरी ओळ परत," चाचा गंभीरपणे म्हणाले. "सावकाश. शब्द सुटा ठेवून."

विद्यार्थ्याने ती चार वेळा म्हटली. चाचांनी मान हलवली आणि त्याला आत सोडलं. घरी जाताना ते ती ओळ ओठांतल्या ओठांत घोळवत गेले. नवीन रूटवरचे थांबे पाठ करायचे तसेच: आधी एक, मग तो आणि त्याच्या पुढचा.

तिथून पुढे त्यांनी दर शुक्रवारी एका ओळीचं काम हाती घेतलं. औषधांच्या कंपनीचा एक फिरता एजंट, दात नसलेले एक म्हातारे बाबा, बांधकामावर आलेला परमुलखातला गवंडी, ज्याला आपल्या भाषेतलं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं पण ओळी मात्र येत होत्या. जो येईल त्याच्याकडून चाचा आपल्याला अडलेली ओळ काढून घ्यायचे. ती मिळेपर्यंत सोडायचे नाहीत, आणि मिळाल्यावर कधीच कोणाला अडवायचे नाहीत. वस्तीत बोलबाला झाला. चाचांपुढे एक मात्रा चुकवून चालत नाही, मास्तरांचंच रक्त ते, असं लोक म्हणू लागले. पैलवान तर त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मागच्या दाराने यायला लागला. त्याला पाचव्या ओळीबद्दल स्वतःचीच खात्री नव्हती.

पाच ओळी झाल्या. मग दोन आठवडे अनोळखी माणूस फिरकलाच नाही, कारण अशा मशिदीची कीर्ती आजूबाजूला पसरली होती आणि वाटसरू चार पावलं जास्त चालून दुसरीकडे जात होते. अध्यक्षांनी हे नियमाचं यश मानलं. चाचांचा मात्र जीव टांगणीला लागला. त्याच आठवड्यात मोठेभाईंचं तोंड अर्धा दिवस वाकडं राहिलं आणि परत सरळ झालं. डॉक्टरांनी भाभींना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि भाभी चुलीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

त्या शुक्रवारी बाहेरगावचे एक मोठे विद्वान प्रवचनाला यायचे होते. त्यांच्यासाठी अध्यक्ष हार घेऊन पुढच्या दाराशी उभे होते, म्हणून चाचांची खुर्ची त्या दिवशी मागच्या दाराशी टाकली होती. विद्वान गृहस्थ साधे. रिक्षाने आले, रिक्षावाल्याने मागच्या गल्लीत उतरवलं, आणि ते हातात छोटी पिशवी घेऊन चाचांच्या बाजूच्या दाराने आत शिरू लागले. त्यांना चाचांनी पाहिलेलं नव्हतं. चाचांना एवढंच दिसलं की अनोळखी माणूस आहे आणि त्याचा आवाज चांगला असावा.

त्यांनी नियम सांगितला. पाहुण्यांनी भुवया उंचावल्या, पण पिशवी खाली ठेवून, हात बांधून सात ओळी म्हटल्या. चाचांनी इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं. मोबाइलवाल्यासारखं खेचणं नाही, इमामसाहेबांसारखी घाई नाही. प्रत्येक शब्द वेगळा, धुतलेला.

"सहावी परत," चाचा म्हणाले.

पाहुण्यांनी सहावी परत म्हटली. मग आणखी एकदा. मग सातवी. सातवी लांब आहे. चाचांनी ती तुकड्या-तुकड्याने घेतली. आत दोनशे माणसं बसली होती आणि भिंतीवरचं घड्याळ पुढे चाललं होतं. अकरा मिनिटांनी कारकून शोधत शोधत मागच्या दाराशी आला, तेव्हा वस्तीचे पाहुणे, ज्यांचे शिष्य तीन देशांत आहेत, ते चाचांपुढे हात बांधून सातव्या ओळीचा शेवटचा तुकडा पाचव्यांदा म्हणत होते आणि चाचा डोळे मिटून ऐकत होते.

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष धावत आले, त्यांच्या हातातला हार वाटेतच तुटला. माफीचा गोंधळ उडाला. पाहुण्यांनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं, आणि आत जाऊन प्रवचनाच्या सुरुवातीलाच ते म्हणाले की आपण पन्नास वर्षं या सात ओळी म्हणतो आहोत, पण त्या इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा माणूस आपल्याला आज पहिल्यांदा भेटला. रिबातीतले जुने लोक असेच असावेत. आतून लोकांनी माना वळवून दाराकडे पाहिलं. दारावर चाचा नव्हतेच. जाकीट खुर्चीवर होतं. पहारा टाकून ते मागच्या गल्लीत धावत सुटले होते, ओठांत सातवी ओळ धरून, भरल्या भांड्यातलं पाणी सांडू नये तसे.

नियम त्याच दुपारी रद्द झाला.

मोठेभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. चाचांनी चपला दाराबाहेर काढल्या, पलंगाशी स्टूल ओढलं आणि घसा, पाणी, दवाखाना यांतलं काहीही न सांगता म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ त्यांची स्वतःची होती. दुसरी विद्यार्थ्याची, म्हणून भलती वेगात आणि घाबरलेली. तिसरी औषधवाल्या एजंटाची होती. त्याला त्या दिवशी सर्दी होती आणि मध्येच त्याने घसा खाकरला होता. खाकरणं ओळीतलं की बाहेरचं हे चाचांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं आणि उगाच धोका नको म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं होतं. चौथी म्हाताऱ्या बाबांची, बोळक्या तोंडातून आलेली. पाचवी गवंड्याची, परमुलखातल्या हेलाची. मग एकदम उजेड पडावा तशा सहावी आणि सातवी. आमीन म्हणून चाचांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आता भुवया चढणार. आता विचारणार, हे कुठून गोळा केलंस रे?

मोठेभाईंच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. ते म्हणाले, "परत म्हण."

चाचांनी परत म्हटलं. या वेळी त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. मोठेभाई त्यांच्यामागून म्हणत होते, हळू, अर्धा शब्द मागे राहून. चौथ्या ओळीपाशी चाचा मुद्दाम थांबले, की मोठेभाईंनी पुढे व्हावं. मोठेभाईही थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि ते भावाच्या ओठांकडे बघत राहिले. तसं बघणं चाचा चांगलं ओळखत होते. साठ वर्षं त्यांनी स्वतः शेजारच्याकडे तसंच पाहिलं होतं.

"पुढे?" चाचांनी विचारलं.

"सापडत नाही," मोठेभाई म्हणाले. "झटक्यापासून. पहिली येते, मग सगळं पुसलेलं. तुझ्या भाभीलाही सांगितलं नाही. अर्धी वस्ती माझ्याकडे शिकलीय रे."

इतके महिने ज्या परीक्षकाच्या भीतीने त्यांना झोप लागली नव्हती, तो पलंगावर नव्हताच. तिथे एक विद्यार्थी बसला होता आणि भाऊ रोज सकाळी येऊन शिकवेल म्हणून वाट बघत होता. आणि भाऊ नळाला पाणी येण्याची कारणं सांगत होता. चाचांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, नमाज येत नव्हती तेव्हाही नाही.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मोठेभाई मागून म्हणत होते. दुसरी ओळ त्यांनीही घाबरल्यासारखी घाईत म्हटली. तिसऱ्या ओळीच्या मध्ये त्यांनी घसा खाकरला, अगदी मन लावून, जसा भावाने खाकरला होता तसा. चाचांनी ते दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. नमाज सुटली होती. अध्यक्ष चार-पाच लोकांना घेऊन दारात आले होते. पाहुण्यांच्या हस्ते नव्या लोखंडी दाराचं उद्घाटन होणार होतं आणि त्याआधी सात ओळी म्हणायचा मान मास्तरांचा, अशी पाहुण्यांचीच इच्छा होती. आठ माणसं खुर्चीसकट उचलून नेतील, दोन मिनिटांचं काम आहे, असं ते उंबऱ्यातूनच सांगू लागले. मोठेभाईंचा डावा हात चादरीवर मुठीत वळला.

चाचा उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. अंगावर जाकीट नव्हतं, शिट्टी नव्हती.

"मास्तर झोपलेत," ते म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, आत्ता तर बोलण्याचा आवाज येत होता. एक पाऊल त्यांनी आत टाकलंही. चाचांनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"अहो चाचा, मी आहे. अनोळखी थोडाच आहे?"

"कोणीही असा," चाचा म्हणाले. "आत जाता येणार नाही."

इतक्या महिन्यांच्या पहाऱ्यात त्यांनी अडवलेला हा पहिला माणूस. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या लोकांकडे पाहिलं, आणि मास्तरांची तब्येत फारच बिघडलेली दिसते असं पुटपुटत सगळ्यांना घेऊन ते निघून गेले. गल्लीच्या वळणावरून ते दिसेनासे होईपर्यंत चाचा चौकटीतून हलले नाहीत. मग त्यांनी दाराची कडी आतून लावली आणि स्टुलावर येऊन बसले.

मोठेभाईंनी विचारलं, कुठे होतो आपण?

चाचा म्हणाले, चौथ्या ओळीवर.